लांब पल्ल्याची सायकलस्वारी आणि थकव्याचे वाचन

१

इसवी सन १८९१ या वर्षी युरोपात दोन घटना घडल्या. त्या वेळी त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे कोणास वाटले नसावे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसहून ब्रेस्त या बंदरापर्यंत आणि तेथून परत पॅरिसपर्यंत, अशी सुमारे १,२०० किलोमीटरची सायकलशर्यत प्रथमच भरली. शार्ल तेरों याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. आघाडीवर असलेला त्याचा प्रतिस्पर्धी झिएल-लाव्हाल रात्री झोपला असताना तेरोंने त्यास मागे टाकले. त्याच वर्षी इटलीतील तूरिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांचा थकवा याच विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोरीला बांधलेले वजन मधल्या बोटाने वारंवार उचलावयाचे आणि बोटाची शक्ती कशी उतरत जाते याचा आलेख काढावयाचा, असे साधे यंत्र त्यांनी सिद्ध केले होते. प्रयोग करीत असता त्यांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले म्हणजे त्यांच्या बोटाची शक्ती नेहमीपेक्षा लवकर उतरे. बोटाने तर काहीच काम केलेले नसे. श्रमले होते ते केवळ मन.

शर्यतीने एक प्रश्न उभा केला आणि ग्रंथाने दुसरा. मनुष्याचे शरीर एवढा दीर्घ श्रम सहन कसे करते, हा पहिला. आणि थकवा नेमका कोठे असतो, स्नायूत की मनात, हा दुसरा. लांब पल्ल्याची सायकलस्वारी नियमितपणे करणाऱ्या माणसात कोणते फेरफार होतात याचा विचार करू लागले म्हणजे हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. शरीरातील फेरफार मोजता येतात आणि गेल्या शंभर वर्षांत ते पुष्कळ मोजले गेले आहेत. मनातील फेरफार तितके सुलभतेने हाती लागत नाहीत. तथापि त्या दोहोंस जोडणारा एक दुवा आहे. नियमित सायकलस्वार कमी थकतो हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, तो आपला थकवा अधिक अचूकपणे वाचावयास शिकतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

२

प्रथमतः 'लांब पल्ला' म्हणजे काय ते निश्चित करणे इष्ट होय. कामाच्या ठिकाणी रोज सायकलने जाणे हा उत्तम व्यायाम आहे. परंतु येथे अभिप्रेत असलेला श्रम तो नव्हे. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही मूळची शर्यत. व्यावसायिक शर्यत म्हणून ती १९५१ नंतर झाली नाही. आज ती दर चार वर्षांनी, हौशी सायकलस्वारांसाठी, ९० तासांच्या कमाल मुदतीत पार पडते. तिच्या पूर्वतयारीसाठी ज्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात त्यांना 'ब्रेव्हे' असे फ्रेंच नाव आहे. त्यांच्या मुदती ठरलेल्या आहेत : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. या फेऱ्यांत पहिला, दुसरा असा क्रमांक नसतो. वाटेतील ठरावीक ठाण्यांवर वेळेत पोहोचणे, तेथील नोंद घेणे आणि मुदतीच्या आत परत येणे एवढेच अपेक्षित असते.

महाराष्ट्रातही पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इत्यादी शहरांतून हा उपक्रम चांगला रुजला आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. पुढे २०१७ मध्ये सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. हे चौघेही वैद्यकीय व्यवसायातील असावेत ही गोष्ट लक्षणीय खरी. परंतु त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

अशा श्रमाचे स्वरूप आकड्यांनी थोडे स्पष्ट होईल. मिनिटास ऐंशी या गतीने पायडल फिरविणारा मनुष्य दहा तासांत सुमारे ४८,००० फेरे पुरे करतो. २०० किलोमीटरसाठी त्यास, वारा, चढ व देहाचे वजन यांनुसार, साधारणतः ४,००० ते ५,००० किलोकॅलरी उष्णता खर्ची घालावी लागते. तीपैकी फार तर चौथा हिस्सा चाकांस गती देण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता शरीरास बाहेर टाकावी लागते. सारांश, दीर्घ पल्ला हा केवळ पायांचा प्रश्न नसून रक्ताभिसरण, इंधन आणि उष्णता या तिन्हींचा एकत्रित प्रश्न आहे.

३

नियमित सरावाने शरीरात होणारे फेरफार एकाच वेगाने होत नाहीत. काही दिवसांत होतात, काही आठवड्यांत, काही वर्षांत. हा वेगभेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक नवशिक्यांस इजा होते.

सर्वांत त्वरेने बदलते ते रक्त. सराव सुरू झाल्यापासून पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग दहा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. तांबड्या पेशी मात्र सावकाश वाढतात. परिणामी, या काळात रक्ततपासणी केल्यास हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरलेले दिसते. वस्तुतः ते उतरलेले नसून अधिक द्रवात विरलेले असते. अशा मनुष्यास पंडुरोग झाला असे समजणे म्हणजे आकडा बरोबर वाचून त्याचा अर्थ चुकीचा लावणे होय. उन्हाची सवयही अशीच लवकर होते. दख्खनच्या पठारावर चैत्र-वैशाखात ज्यास सायकल चालवावयाची आहे त्याच्या शरीरास सुमारे दहा ते चौदा दिवसांत ते ऊन मानवू लागते. घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो आणि त्यातून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण घटते.

त्यानंतर क्रम हृदयाचा. विश्रांतीच्या वेळी प्रौढ मनुष्याचे हृदय मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. ठोके सत्तर असल्यास प्रत्येक ठोक्यास सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त बाहेर पडते. नियमित श्रमाने हृदयाचे कप्पे प्रशस्त होतात, भिंती त्या मानाने जाड होतात आणि एका ठोक्यास शंभर मिलिलिटर रक्त ढकलणे शक्य होते. तेच पाच लिटर रक्त आता पन्नास ठोक्यांत पुढे जाते. सरावलेल्या सायकलस्वाराची नाडी मंद का असते याचे हे सरळ गणित होय. कमाल श्रमाच्या वेळचे ठोके मात्र सरावाने वाढत नाहीत. वाढते ती प्रत्येक ठोक्याची क्षमता.

अशा मोठ्या हृदयाची पहिली नोंद स्वीडनमधील हेन्शेन यांनी १८९९ साली, बर्फावरून घसरपट्ट्यांनी दूरवर जाणाऱ्या क्रीडापटूंच्या छातीवर बोटाने ठोकून, केली होती. क्षकिरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. मोठे हृदय म्हणजे रोगी हृदय, ही समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली. तेच लक्षण एका संदर्भात विकाराचे असते आणि दुसऱ्या संदर्भात सामर्थ्याचे. संदर्भावाचून लक्षणास अर्थ नसतो, हे तत्त्व शब्दांप्रमाणे नाडीसही लागू पडते.

४

स्नायूंतील फेरफार अधिक खोल आहेत. त्यांचे ज्ञान होण्यास सायकलनेच मोठे साहाय्य केले. एके जागी उभी केलेली, पायडलचा विरोध मोजूनमापून कमीअधिक करता येणारी सायकल हे प्रयोगशाळेतील उत्तम साधन ठरले. कोपनहेगन येथे ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये असे यंत्र बनविले. त्याच नगरीत क्रिस्टेन्सेन आणि हान्सेन यांनी १९३९ साली दाखवून दिले की, पिष्टमय आहार घेणारा मनुष्य तेच काम मेदयुक्त आहार घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ करू शकतो.

याचे कारण १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. सुईने स्नायूचा सूक्ष्म नमुना काढण्याची रीत बेर्गस्ट्रोम यांनी रूढ केली. १९६६ मध्ये त्यांनी व हुल्टमान यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंस दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पायडल मारले, दुसरा पाय स्वस्थ ठेवला. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठविलेली शर्करा, जवळजवळ संपली. पुढे तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतल्यावर पुन्हा नमुने तपासले तेव्हा श्रमलेल्या पायातील साठा स्वस्थ राहिलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. रक्त तेच, अन्न तेच, मनुष्य तोच. भेद एवढाच की एका पायाने काम केले होते आणि दुसऱ्याने नाही. शरीर ज्या ठिकाणी रिकामे होते त्याच ठिकाणी अधिक भरून घेते, हा सरावाचा मूलभूत नियम याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविला गेला असेल.

तरीही हा साठा मर्यादितच राहतो. स्नायू व यकृत मिळून सुमारे अर्धा किलो शर्करा, म्हणजे साधारण २,००० किलोकॅलरी. उपर्युक्त हिशोबाने हे इंधन २०० किलोमीटरच्या निम्म्या वाटेस पुरावयाचे. उलट, अंगी दहा किलो मेद असलेल्या सडपातळ मनुष्याजवळही ७५,००० किलोकॅलरींहून अधिक साठा असतो. प्रश्न इंधनाच्या अभावाचा नसून योग्य कोठाराचे दार उघडण्याचा आहे. ते दार उघडण्याचे काम तंतुकणिका करतात. पेशींतील याच सूक्ष्म घटकांत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जळते. होलोझी यांनी १९६७ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात, बारा आठवड्यांच्या धावण्यानंतर स्नायूंतील या घटकांची श्वसनक्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. मनुष्याच्या बाबतीत अँडर्सन आणि हेन्रिक्सन यांनी १९७७ मध्ये दाखविले की, आठ आठवडे नियमित सायकल चालविल्यावर मांडीच्या स्नायूतील केशवाहिन्यांची दाटी सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. अधिक वाहिन्या, अधिक तंतुकणिका आणि त्यायोगे त्याच वेगास अधिक मेद व कमी शर्करा जाळणे, असा हा क्रम आहे. सरावलेला मनुष्य दिवसभर चालू शकतो तो मुख्यतः या काटकसरीमुळे.

५

या लाभांची दुसरी बाजू सांगितल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. सायकलवर देहाचा भार खोगिरावर असतो, पायांवर पडत नाही. सांध्यांस हे सुखाचे असले तरी अस्थींस घातक ठरू शकते. दीर्घकाळ केवळ सायकलच चालविणाऱ्यांच्या कण्याची हाडे अपेक्षेहून विरळ असल्याचे अनेकदा दिसून आले आहे. म्हणून चालणे, धावणे अथवा वजने उचलणे यांची जोड आवश्यक ठरते. तळहातावर सतत दाब पडल्याने करंगळी व अनामिका यांस मुंग्या येतात. कधी बोटांची पकडही क्षीण होते. खोगिराच्या दाबाने जांघेतील मज्जातंतू बधिर होतात. अतिदीर्घ शर्यतींत मानेचे स्नायू मान उचलून धरीनासे होतात. १९८३ च्या अमेरिकेतील शर्यतीत मायकेल शर्मर यांस असे झाले आणि तेव्हापासून त्या विकारास त्यांचेच नाव पडले. वर्षानुवर्षे तीव्र श्रम करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचा विकारही इतरांपेक्षा अधिक आढळतो. शिवाय स्नायूस अस्थीशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. सहा आठवड्यांत हृदय व स्नायू सज्ज होतात आणि मनुष्यास आपण सर्वतः सज्ज झालो असे वाटू लागते. गुडघा मात्र अद्याप मागे असतो.

मिळविलेले टिकतेच असेही नाही. कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सरावलेल्या क्रीडापटूंस पूर्ण विश्रांती दिली तेव्हा कमाल प्राणवायूग्रहण तीन आठवड्यांत सात टक्क्यांनी उतरले आणि आठ आठवड्यांत ते सोळा टक्के खाली येऊन स्थिरावले. वाढलेल्या केशवाहिन्या मात्र तशाच राहिल्या. शरीर प्रथम द्रव सोडून देते. बांधकाम त्या मानाने टिकते.

६

आता मोस्सो यांच्या प्रश्नाकडे वळता येईल. परीक्षा घेऊन आलेल्या अध्यापकाचे बोट लवकर का थकले? या प्रश्नास जवळजवळ एकशेवीस वर्षांनी सायकलवरच उत्तर शोधण्यात आले. सॅम्युएल मार्कोरा आणि सहकारी यांनी २००९ मध्ये सोळा व्यक्तींस एके दिवशी संगणकावर नव्वद मिनिटे अवधान ताणणारे काम दिले आणि दुसऱ्या एका दिवशी तितकाच वेळ माहितीपट दाखविले. दोन्ही दिवशी त्यानंतर त्यांनी ठरावीक भारावर शक्य होईल तितका वेळ सायकल चालवावयाची होती. माहितीपटानंतर त्या सरासरी ७५४ सेकंद टिकल्या. बौद्धिक कामानंतर ६४० सेकंद. हृदय व स्नायू यांच्या मापांत या घटीचे कारण सापडेल असा भेद नव्हता. भेद होता तो श्रमाच्या जाणिवेत. तेच काम आरंभापासून अधिक जड वाटले आणि असह्यतेची सीमा लवकर गाठली गेली.

उलट दिशेचा पुरावाही आहे. कार्टर, जॉय्केनड्रुप आणि जोन्स यांनी २००४ साली सुमारे एक तासाच्या सायकलपरीक्षेत काही जणांस पिष्टमय द्रावणाने केवळ चूळ भरावयास लावली. एक थेंबही पोटात जाऊ दिला नाही. तरीही त्यांचा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. इंधन आले नव्हते. येणार असल्याची वर्दी मेंदूस मिळाली होती. या दोन्ही प्रयोगांवरून असे दिसते की, थकवा हा केवळ स्नायूने पाठविलेला निरोप नसून त्या निरोपाचा मेंदूने लावलेला अर्थही आहे.

जाणिवेस माप देण्याचा पद्धतशीर प्रयत्न स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकात केला. त्यांची श्रेणी ६ पासून २० पर्यंत आहे. ही विलक्षण मर्यादा निवडण्याचे कारण असे की, अंकास दहाने गुणल्यास निरोगी तरुणाच्या नाडीचा स्थूल अंदाज मिळावा. तथापि भाषेच्या अभ्यासकास त्या श्रेणीतील अंकांपेक्षा अंकांपुढील शब्द अधिक उद्बोधक वाटतील. 'अतिशय हलके', 'काहीसे कठीण', 'अत्यंत कठीण' असे शब्द प्रयोगविषय व्यक्तीपुढे ठेवले जातात आणि तिने आपल्या श्रमास त्यांतील एक शब्द लावावयाचा असतो. अनेक भाषांत या श्रेणीचे भाषांतर झाले आहे. प्रत्येक वेळी प्रश्न हाच की, एका भाषेतील 'काहीसे कठीण' दुसरीत नेमक्या त्याच जागी बसते काय? मनुष्याच्या आंतरिक अवस्थेचे मोजमाप येथे शब्दांच्या अंतरावर अवलंबून आहे.

७

मराठी या बाबतीत दरिद्री नाही. धावत आलेल्यास 'धाप लागते'. ती श्वासाची गोष्ट. चढ चढून 'पाय भरून येतात', पोटऱ्यांत 'गोळे येतात', ती स्नायूंची. उपाशीपोटी राबलेला मनुष्य 'गळून जातो'. तेथे इंधन संपलेले असते. उन्हात 'जीव कासावीस होतो'. रात्री 'पेंग येते', डोळ्यांवर 'झापड येते', ती निद्रेची. आणि काहीही शारीरिक कारण नसता 'शीण येतो', 'कंटाळा येतो'. इंग्रजीतून आलेल्या शास्त्रीय लेखनात या सर्वांसाठी 'थकवा' हा एकच शब्द योजला जातो. परंतु या अवस्था भिन्न आहेत आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत. धापेवर उपाय वेग कमी करणे हा. गळून गेल्यावर खाणे हा. कासावीस झाल्यास सावली व पाणी हा. पेंगेवर झोप हाच.

नवशिका सायकलस्वार या सर्वांस मिळून 'मी दमलो' एवढेच म्हणतो आणि सर्वांवर एकच उपाय करतो : एक तर थांबतो, नाही तर दात-ओठ खाऊन पुढे जातो. अनुभवी सायकलस्वार मात्र भेद करतो. दीडशेव्या किलोमीटरवर अकस्मात आलेली निराशा, सायकल रस्त्यातच टाकून द्यावी अशी इच्छा, ही पुष्कळदा स्वभावाची दुर्बलता नसून रक्तातील शर्करा उतरल्याची खूण असते. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी दोन केळी खाल्ली असती तर ती आली नसती, हे तो जाणतो. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. एकाच जातीचा अनुभव अनेक वेळा येऊन आणि त्याचा परिणाम प्रत्येक वेळी पाहून ते अंगी मुरते. लेकराच्या रडण्यातील भेद आईस कळू लागतात, त्यातलाच हा प्रकार.

हे वाचन चुकल्यास होणारी हानी किरकोळ नसते. डोके दुखणे, मळमळणे, सुस्ती या खुणा शरीरातील पाणी घटल्यानेही होतात. पाणी अति पिऊन रक्तातील सोडियम विरल झाल्यानेही होतात. दुसऱ्या अवस्थेस पहिली समजून आणखी पाणी पाजल्यास मेंदूस सूज येऊन प्राणावर बेतू शकते. तसेच निद्रेचे. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखविले की, सतरा तास जागलेल्या मनुष्याचे हस्तकौशल्य व अवधान रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्याइतके उतरते. चोवीस तासांनी ते सुमारे ०.१० टक्क्यांइतके होते. ४०० किलोमीटरच्या फेरीची मुदतच सत्तावीस तास आहे. पहाटे तीनच्या सुमारास महामार्गावर मालमोटारींच्या संगतीने जाणाऱ्याने पेंगेस आळस समजून मनोनिग्रहाने दडपण्याचा प्रयत्न केला तर त्या निग्रहास शौर्य म्हणता येणार नाही. ते वाचनातील अज्ञान होय. बसथांब्याच्या बाकावर वीस मिनिटे आडवा होणारा सायकलस्वार अधिक शहाणा. तेरोंचा प्रतिस्पर्धी झोपला म्हणून हरला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ज्या फेऱ्यांत क्रमांकच नाही त्यांत मात्र तिचा बोध उलटा घेतला पाहिजे.

८

नियमित श्रमाने चित्त प्रसन्न राहते ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. त्याचे श्रेय दीर्घकाळ एंडॉर्फिन या द्रव्यास एकट्यालाच दिले जात असे. परंतु रक्तात वाढलेले ते द्रव्य मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदूत स्वतंत्रपणे स्रवणारी तत्सम द्रव्ये आणि भांगेतील अंशांशी साम्य असलेली शरीरनिर्मित द्रव्ये यांचाही त्यात वाटा असल्याचे अलीकडील संशोधन सुचविते. स्मरणाशी संबंधित अशा मेंदूच्या भागावरही श्रमाचा परिणाम होतो. एरिक्सन आणि सहकारी यांनी २०११ मध्ये १२० वृद्धांवर केलेल्या प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो घटला. हा प्रयोग चालण्याचा होता, सायकलीचा नव्हे. तथापि दोहोंतील श्रमाची जात एकच आहे.

दीर्घकाळच्या परिणामांविषयी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधन विशेष उल्लेखनीय होय. ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार तेथे तपासण्यात आले. पुरुषांनी १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आत आणि स्त्रियांनी ६० किलोमीटर साडेपाच तासांच्या आत पुरे करणे ही निवडीची अट होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्यांच्या शरीरक्रियांच्या मापांवरून त्यांचे वय निश्चितपणे ओळखता येत नसल्याचे दिसले. २०१८ मध्ये असेही आढळले की, रोगप्रतिकारक पेशींचा पुरवठा करणारी छातीतील ग्रंथी, जी वयाबरोबर सुकत जाते, तिचे कार्य या वृद्धांत तरुणांच्या तोडीचे होते. अर्थात ही माणसे मुळातच निवडक होती. निरोगी होती म्हणून सायकल चालवू शकली, की सायकल चालविली म्हणून निरोगी राहिली, याचा निवाडा अशा पाहणीने पुरता होत नाही. संशोधकांचे स्वतःचे म्हणणे असे की, सायकल वार्धक्य टाळत नाही. बैठ्या जीवनक्रमाने वार्धक्यात जी अनावश्यक भर पडते ती टाळते.

तात्पर्य, नियमित दीर्घ सायकलस्वारीने रक्त वाढते, हृदय प्रशस्त होते, स्नायू काटकसरी बनतात. अस्थी व कंडरा मात्र स्वतंत्र काळजी मागतात. हे फेरफार सराव सोडताच अंशतः मावळूही लागतात. मन बदलते ते निराळ्या रीतीने. मोस्सो यांनी थकव्याचा आलेख कागदावर उमटविला. दीर्घ पल्ल्याचा सायकलस्वार तोच आलेख आतल्या आत वाचीत असतो. कोणती खूण देहाची, कोणती अन्नाची, कोणती निद्रेची आणि कोणती केवळ मनाची, हे ओळखून त्याप्रमाणे खाणे, थांबणे, झोपणे किंवा पुढे जाणे, यातच त्याची खरी सिद्धी आहे. परीक्षांच्या हंगामात सायंकाळी घरी परतून 'आज पाय उचलत नाहीत' असे म्हणणाऱ्या अध्यापकानेही क्षणभर विचारावे की, थकले आहेत ते पाय काय? पुष्कळदा उत्तर नाही असेच येईल. अशा वेळी सायकल बाहेर काढणे हाच त्या थकव्यावरचा उपाय असण्याचा संभव आहे.